गुडघेदुखीच्या चिठ्ठीवर आलेल्या बाई आणि सावकाश परत आलेलं पाऊल

मी फिजिओथेरपिस्ट आहे. ही केस सविस्तर लिहितेय कारण पहिले तीन आठवडे मी स्वतः चुकीच्या गोष्टीवर काम करत होते, आणि माझ्याआधी बाकीच्यांनीही थोडंफार तेच केलं होतं. पेशंटची परवानगी घेतलीय, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

पेशंट ४७ वर्षांच्या, शाळेत गणित शिकवतात. सगळे त्यांना बाईच म्हणतात म्हणून मीही बाईच म्हणते. चिठ्ठीवर लिहिलं होतं की दोन्ही गुडघ्यांची झीज आहे, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम द्यावेत. एक्सरेत थोडी झीज दिसतही होती, पण या वयात एक्सरे काढला की थोडी झीज बऱ्याच जणांच्या गुडघ्यात दिसते. मी नेहमीचे व्यायाम सुरू केले, पाय सरळ ठेवून उचलणं, भिंतीला टेकून अर्धं बसणं, लवचिक पट्टा वगैरे. पहिल्याच दिवशी बाई म्हणाल्या होत्या, "गुडघा तेवढा दुखत नाही हो मॅडम, मांड्या ऐकत नाहीत." हे वाक्य मी त्यांच्या शब्दांत कागदावर लिहून ठेवलंय, तारखेसकट, आणि तरी पुढे गेले.

दुसऱ्या आठवड्यात त्या म्हणाल्या की व्यायाम केला की दोन दिवस उठवत नाही, पोटऱ्यांत रात्री गोळे येतात. मला वाटलं सवय नाही म्हणून होत असेल. तिसऱ्या आठवड्यात सेशन संपल्यावर बाई आरशासमोर केसांना क्लिप लावत होत्या आणि मी शेजारी उभी राहून बघत होते. उजवा हात डोक्यापर्यंत गेला, दोन-तीन सेकंद थांबला आणि खाली आला, मग त्यांनी डोकंच खाली वाकवून हाताजवळ आणलं आणि क्लिप लावली, इतकं सहज की त्यांना स्वतःला ते कळतही नव्हतं. मी विचारलं हे कधीपासून. तर म्हणाल्या, "झाले सात-आठ महिने, फळ्याच्या वरच्या ओळीत लिहिताच येत नाही, दोन आकडे काढले की हात खाली येतो, म्हणून आता मी फळ्याच्या मधूनच सुरुवात करते, मुलांनाही सवय झालीय."

गुडघ्याच्या झिजेने हात खाली येत नाही. तिथेच मी व्यायाम थांबवले आणि त्यांना म्हटलं पुढच्या वेळी सगळी फाईल घेऊन या, जुने रिपोर्ट, गोळ्यांची पाकिटं, चष्म्याचा नंबर सोडून सगळं.

फाईल जाड होती. आणि वाचताना मला जास्त वाईट याचं वाटलं की त्यात काही लपलेलं नव्हतं, सगळं समोर होतं, फक्त प्रत्येक कागद वेगळ्या माणसाने वेगळ्या कामासाठी वाचला होता. एकूण कोलेस्टेरॉल ३१२, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल २१४, म्हणून पाच महिन्यांपूर्वी अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन २० मिलिग्रॅम ही कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन गोळी सुरू झालेली. एसजीओटी ९६, एसजीपीटी ७१, म्हणून लिव्हरवर सूज असं सांगून लिव्हरच्या गोळ्या, खरंतर बिलिरुबिन आणि जीजीटी नॉर्मल, सोनोग्राफी नॉर्मल, दारूचा संबंध नाही. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचा आकडा, १.३, त्याच्यापुढे पेनने फक्त प्रश्नचिन्ह. हिमोग्लोबिन १०.४, पेशींचा आकार जरा मोठा. दोन्ही हातांच्या बोटांना मुंग्या, मनगटात नस दाबली जातेय म्हणून रात्री बांधायचा पट्टा. वजन वर्षभरात नऊ किलो वाढलेलं, त्याचं कारण म्हणून पाळी जायचं वय. आवाज घोगरा झालेला, तर म्हणे शिकवून शिकवून घसा बसलाय. सारखी झोप येते, कशात मन लागत नाही, म्हणून एकांनी ताणतणावाची गोळीही सुचवली होती, बाईंनी ती घेतली नाही एवढंच.

एसजीओटी आणि एसजीपीटी ही दोन्ही एन्झाइम्स स्नायूंतही असतात हे आपण विसरतो, नावाआधी लिव्हर फंक्शन टेस्ट असं छापलेलं असतं ना. लिव्हरचे बाकीचे आकडे नॉर्मल, एसजीओटी एसजीपीटीपेक्षा जास्त आणि पेशंट म्हणतोय की जिना चढवत नाही, तर एकदा सीके म्हणजे क्रिएटिन कायनेज हे स्नायूंतलं एन्झाइम बघायला हवं. या जाड फाईलमध्ये सीके नव्हतं. टीएसएच, म्हणजे थायरॉइडची तपासणी, तीही नव्हती.

मग मी नीट तपासलं, पहिल्या दिवशी तपासायला हवं होतं तसं. मांडी वर उचलण्याची ताकद पाचपैकी चारच्याही खाली, खांदा बाजूला उचलण्याची चार, पण पावलं आणि पंजे पूर्ण पाच, म्हणजे टाचेवर चालतात, चवड्यावर चालतात, हात घट्ट दाबतात, फक्त धडाजवळचे स्नायू कमजोर. खुर्चीतून हात छातीवर बांधून ३० सेकंदांत जितक्या वेळा उभं राहता येईल तितक्या वेळा राहायचं, ही साधी चाचणी आम्ही करतो, त्यात बाईंचा स्कोअर शून्य आला, हात टेकवून पाच वेळा. पोटऱ्या मात्र हाताला भरदार आणि टणक लागत होत्या, व्यायाम करणाऱ्या माणसाच्या असाव्यात तशा, आणि हे फार फसवं असतं, कारण बघणाऱ्याला वाटतं स्नायू तर चांगले आहेत. नाडी ५६. तळहात थंड आणि कोरडे, डोळ्यांखाली सूज, भुवयांचे बाहेरचे केस विरळ.

मग मी त्यांना खुर्चीवर गुडघे टेकून, पाठमोरं होऊन बसायला सांगितलं, पावलं कडेबाहेर मोकळी लोंबती, आणि टाचेच्या वरच्या जाड शिरेवर हातोडी मारली. पाऊल मागे उडालं, ते व्यवस्थित उडालं, पण परत येताना मात्र तेलात बुडाल्यासारखं, हळू, वाटेत जणू विसरल्यासारखं खाली आलं. दुसऱ्या पायाला तेच. मी चार-पाच वेळा मारून बघितलं, विश्वास बसेना म्हणून. याला वोल्टमन साइन म्हणतात, शिकताना एकदा वाचलेलं असतं आणि मग आयुष्यभर कोणी हातोडी काढत नाही. दंडाच्या स्नायूवर बोटाने टिचकी मारली तर तिथे छोटा उंचवटा आला आणि काही सेकंद तसाच राहिला.

त्या वेळी माझ्या मनात थायरॉइड सगळ्यात वर होतं, पण धडाजवळचे स्नायू कमजोर करणारे आजार बरेच आहेत, त्यामुळे चिठ्ठी लिहिण्याआधी बाकीचं विचारून घेतलं. स्टिरॉइड कधी घेतलेत का, अगदी दम्याचं किंवा सांधेदुखीचं म्हणून, तर नाही. पापण्यांवर जांभळट लाली, बोटांच्या सांध्यांवर पुरळ, ते डर्मॅटोमायोसायटिस या त्वचा आणि स्नायूंच्या आजारात असतं, नव्हतं. पापण्या आपोआप खाली येणं, एकाचे दोन दिसणं, सकाळी बरं आणि संध्याकाळी जास्त वाईट असं मायस्थेनिया या स्नायू लवकर दमवणाऱ्या आजारात होतं, तेही नाही. ड जीवनसत्त्वाच्या मोठ्या कमतरतेत हाडं दाबल्यावर दुखतात आणि चाल बदकासारखी होते, पोटॅशियम खूप खाली गेलं तर कमजोरी बहुतेक तासा-दिवसांत येते, महिन्यांत नाही. स्टॅटिन हा मुद्दा मात्र खरा होता, कारण त्या गोळीने स्नायू दुखू शकतात आणि बाईंचं दुखणं ती सुरू झाल्यावर वाढलंही होतं. पण फळ्याची वरची ओळ सुटली ती स्टॅटिनच्या आधी. तारखा जुळवून बघितल्या, शाळेच्या सहामाही परीक्षेच्या हिशोबाने त्यांना पक्कं आठवत होतं. गिळताना त्रास, झोपल्यावर धाप, आणि काळ्या चहासारखी लघवी हे तिन्ही मुद्दाम विचारले, कारण यातलं काहीही असतं तर चिठ्ठी लिहीत बसायचं नाही, त्याच दिवशी इमर्जन्सीत पाठवायचं. तिन्ही नव्हतं.

त्यांच्या फिजिशियनना मी अर्ध्या पानाची चिठ्ठी लिहिली, निदान लिहिलं नाही, जे दिसलं तेवढंच लिहिलं आणि शेवटी सीके, टीएसएच, पोटॅशियम, कॅल्शियम बघावं अशी विनंती केली. त्यांनी त्याच दिवशी रक्त पाठवलं, याबद्दल मी त्यांची आभारी आहे, कारण सगळेच फिजिओच्या चिठ्ठीवर असं करत नाहीत.

रिपोर्ट आले. टीएसएच १०० च्या वर, म्हणजे मशिनने पुढे मोजलंच नाही, नॉर्मल साधारण ४ ते ४.५ पर्यंत असतं आणि थायरॉइड कमी पडलं की ते चढतं. फ्री टी-फोर, म्हणजे रक्तातलं थायरॉइड हॉर्मोन, ०.२, जिथे किमान ०.८ च्या आसपास हवं. सीके २८४०, बायकांमध्ये ते साधारण २०० च्या आत असतं. अँटी-टीपीओ अँटीबॉडी खूप जास्त, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच थायरॉइडवर उलटलेली, हाशिमोटोचा आजार, १९१२ मध्ये जपानी सर्जन हाकारू हाशिमोटो यांनी वर्णन केलेला. पोटॅशियम, कॅल्शियम नॉर्मल. ईसीजीत ठोके संथ, इकोत हृदयाभोवती थोडं पाणी. इथे एका तज्ज्ञांचं मत पडलं की सीके एवढं आहे तर पॉलिमायोसायटिस, म्हणजे स्नायूंना सूज आणणारा आजार, नाही ना हे बघायला स्नायूचा तुकडा काढावा, पण फिजिशियन म्हणाले आधी थायरॉइड भरून काढू, स्टॅटिन बंद करू, तीन महिन्यांत सीके उतरलं नाही तर बायोप्सी. मला ते पटलं. सीके हजारांत असलं म्हणजे पॉलिमायोसायटिसच असं नाही, हायपोथायरॉइडमध्ये, म्हणजे थायरॉइड कमी पडल्यावरही, ते तिथपर्यंत जातं, आणि टीएसएच न बघता अशा पेशंटला कधीकधी स्टिरॉइड सुरू होतं, जे स्वतःच स्नायू कमजोर करतं.

आता हे होतं कसं ते थोडं सांगते, कारण बाईंनीही हेच विचारलं होतं की गळ्यातली ग्रंथी आणि मांडीचा काय संबंध. स्नायू आखडतो तेव्हा पेशीच्या आत कॅल्शियम सुटतं, आणि सैल पडायचं तर ते कॅल्शियम पुन्हा उपसून त्याच्या साठ्यात भरावं लागतं. उपसायचा जो पंप आहे तो किती बनवायचा हे थायरॉइड हॉर्मोन ठरवतं, हॉर्मोन कमी तर पंप कमी, म्हणून स्नायू आखडतो पण सैल पडायला वेळ लावतो. पाऊल तेलातून आल्यासारखं आलं ते यामुळे. शिवाय स्नायूतले जलद, जोर लावणारे तंतू बारीक होतात, साठवलेली साखर मोडून ऊर्जा करायचं काम मंदावतं, म्हणून जिना आणि खुर्ची, जिथे एकदम जोर लागतो, तिथेच आधी अडतं. पेशीच्या भिंतीतून एन्झाइम गळतात, ते सीके आणि एसजीओटी. पाणी धरून ठेवणारा चिकट पदार्थ सगळ्या ऊतींत साठतो, तो मनगटात साठला की नस दाबली जाते, स्वरयंत्रात साठला की आवाज घोगरा, डोळ्यांखाली साठला की सूज. लिव्हरवर एलडीएल ओढून घेणारे रिसेप्टर कमी होतात म्हणून कोलेस्टेरॉल वाढतं. मूत्रपिंडाकडचा रक्तप्रवाह मंदावतो म्हणून क्रिएटिनिन चढतं. फाईलमधला जवळजवळ प्रत्येक कागद असा एकाच ठिकाणी येऊन मिळाला. मी बाईंना हे कागदावर बाण काढून दाखवलं, त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे मी आळशी झाले नव्हते." मला यावर पटकन काही बोलता आलं नाही.

भरदार पण कमजोर स्नायूंचा हा प्रकार १८९७ मध्ये जर्मन न्यूरॉलॉजिस्ट योहान हॉफमन यांनी नोंदवला, म्हणून त्याला हॉफमन सिंड्रोम म्हणतात. आणि उपचार त्याच्याही आधीचा आहे. १८९१ मध्ये इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क एका ४६ वर्षांच्या बाईंना टोचून दिला, त्या सुधारल्या आणि पुढे २८ वर्षं जगल्या. मी हे आमच्या बाईंना सांगितलं होतं, वय जवळपास सारखंच म्हणून, आणि त्या दिवशी त्या पहिल्यांदा जरा मोकळ्या हसल्या.

लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइड हॉर्मोनची गोळी, ५० मायक्रोग्रॅमवर सुरू केलं. सुरू करण्याआधी सकाळचं कॉर्टिसॉल, म्हणजे अ‍ॅड्रिनल ग्रंथीचं हॉर्मोन, बघितलं, कारण स्वतःच्या ग्रंथीवर उलटणारा आजार एकटा येईलच असं नसतं, अ‍ॅड्रिनल ग्रंथीही गेलेली असेल आणि आधी थायरॉइडची गोळी दिली तर पेशंट एकदम कोसळू शकतो. ते नॉर्मल आलं. हृदयाभोवती पाणी होतं म्हणून एकदम पूर्ण डोस दिला नाही, हळूहळू वाढवत न्यायचं ठरलं.

आणि मग वाट बघणं. हा भाग कोणी नीट सांगत नाही आणि पेशंट इथेच खचतो. या गोळीचा अर्धा भाग शरीरातून जायलाच साधारण सात दिवस लागतात, पातळी स्थिर व्हायला पाच-सहा आठवडे, म्हणून टीएसएच सहा ते आठ आठवड्यांच्या आत परत बघण्यात अर्थ नसतो. सूज, आवाज, झोप हे लवकर सुधारतं, रक्तातलं सीके काही आठवड्यांत उतरतं, पण स्नायूची ताकद सगळ्यात शेवटी येते, महिने जातात, काहींना वर्षही लागतं. बाईंना तिसऱ्या आठवड्यात थंडी वाजायची कमी झाली, पण जिना तसाच. "गोळी लागू पडत नाहीये," म्हणाल्या. तेव्हा मी त्यांना तारखांचा कागदच करून दिला, काय कधी सुधारायला पाहिजे याचा, आणि तो त्यांनी कपाटाला आतून चिकटवला.

आठव्या आठवड्यात तपासलं तर सीके ६१० वर आलेलं, पण टीएसएच अजून ३८. डोस मध्येच ७५ केला होता, त्या मानाने हे जास्त होतं. डोस आणखी वाढवायचं चाललं होतं. मी सहज विचारलं गोळी कशी घेता, तर त्या सकाळी उठल्या उठल्या घेत होत्या, अगदी वेळेवर, कधी चुकवली नाही, फक्त तिच्याबरोबरच कॅल्शियमची गोळीही घेत होत्या, एकाच घोटात, विसरायला नको म्हणून. कॅल्शियम आणि लोह या गोळीला आतड्यात धरून ठेवतात, रक्तात जाऊ देत नाहीत, दोन्हींत किमान चार तासांचं अंतर हवं. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर आणि त्यानंतर अर्धा-पाऊण तास काही खायचं-प्यायचं नाही. पाकिटावर लिहिलेलं असतं पण बारीक अक्षरात. कॅल्शियम रात्री केलं, डोस तोच ठेवला, पुढच्या तपासणीत टीएसएच ११. मग १०० केलं.

व्यायामाचं मी काय केलं हे सांगायला हवं कारण त्यासाठीच त्या माझ्याकडे होत्या. सीके हजारांत असताना जोराचे व्यायाम पूर्ण बंद. अशा स्नायूला दमवलं तर तो आणखी तुटतो, तुटलेल्या स्नायूतलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन मूत्रपिंडात जाऊन अडकू शकतं. आधीच्या तीन आठवड्यांत माझ्या हातून काही वाईट झालं नाही हे त्यांचं नशीब, दुसरं काही नाही. पहिले दोन महिने फक्त सपाट जागेवर चालणं, दमण्याआधी थांबणं, खुर्चीवर जाड गादी टाकून उंची वाढवणं म्हणजे उठताना कमी जोर लागतो. पडू नये म्हणून जिन्यात कठड्याच्या बाजूनेच चढायचं. सीके ३०० च्या खाली आल्यावर वजनाशिवाय उठबस, गादी एकेक इंच कमी करत. नियम एकच ठेवला होता, दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या दिवसापेक्षा जास्त दुखलं तर एक पायरी मागे.

आकडे असे: ३० सेकंदांच्या खुर्चीच्या चाचणीत हात न लावता तिसऱ्या महिन्यात ४, सहाव्यात ९, नवव्यात १३. सीके चौथ्या महिन्यात १५८, त्यामुळे बायोप्सीचा विषय आपोआप मागे पडला. एसजीओटी-एसजीपीटी दोन्ही नॉर्मल, लिव्हरच्या गोळ्या बंद. क्रिएटिनिन ०.९. स्टॅटिनशिवाय एलडीएल ११८ वर आलं, म्हणून ते परत सुरू केलेलं नाही. इथे गैरसमज नको, स्टॅटिन वाईट औषध नाही, ज्यांना हृदयासाठी लागतं त्यांनी असं वाचून बंद करू नये, फक्त हायपोथायरॉइड असताना त्याने स्नायूंना त्रास व्हायची शक्यता वाढते आणि कोलेस्टेरॉल मुळात थायरॉइडनेच वाढलेलं असू शकतं, म्हणून सुरू करण्याआधी एकदा टीएसएच बघावं.

त्यांची धाकटी बहीण दर वेळी सोबत यायची, तिलाही तपासून घ्यायला सांगितलं कारण हा आजार घराण्यात चालतो. तिचं टीएसएच ९ आलं, त्रास काहीच नाही, ती आता फिजिशियनकडे आहे.

नवव्या महिन्यात मी परत हातोडी काढली. बाई न सांगताच खुर्चीवर गुडघे टेकून बसल्या, पाठमोऱ्या. पाऊल गेलं आणि लगेच आलं. त्यांना ते दिसत नव्हतं, म्हणून मी मोबाइलवर व्हिडिओ काढून दाखवला, आणि पहिल्या वेळचा त्यांच्या परवानगीने काढून ठेवलेला तोही, एकामागे एक. त्यांनी दोन्ही तीन-तीनदा बघितले.

उजव्या अंगठ्याला मुंग्या अजून येतात, रात्रीचा पट्टा चालू आहे, ते गेलं नाही तर नसेची तपासणी परत करायची ठरलंय. फळ्याच्या वरच्या ओळीत लिहिता येतं, पण पूर्ण तास नाही, तिसऱ्या-चौथ्या गणिताला खांदा भरून येतो. गेल्या आठवड्यापासून त्यासाठी अर्ध्या किलोचं वजन सुरू केलंय, दिवसाआड.